सांगाड्याला हात नको

मराठी घरांत ‘बॉबकट’ हा शब्द दोन-तीन पिढ्यांपासून रुळलेला आहे. मोटरसायकलींच्या दुनियेतली ‘बॉबर’ ही त्याच शब्दाची सख्खी बहीण. मागचे लांबलचक मडगार्ड छाटून आखूड केले, पुढचे काढले किंवा कापून निम्मे केले, मागच्या माणसाची सीट, ग्रॅबरेल, कॅरियर, लेगगार्ड असे धावायला न लागणारे सगळे उतरवले की उरते ती बॉबर. नवे काही चढवण्यापेक्षा असलेले उतरवण्यावर उभा असलेला हा प्रकार आहे, आणि म्हणूनच तो नवशिक्याला झेपण्यासारखा आहे. पण केस छाटताना मानेला कात्री लागू नये, एवढी काळजी इथेही घ्यावी लागते. ॲव्हेंजर किंवा थंडरबर्डसारखी जुनी क्रूझर सेकंडहँड घ्यायची, इंटरनेटवरचे चार व्हिडिओ पाहायचे आणि पहिल्याच रविवारी ग्राइंडर चालवून चासीची शेपटी उडवायची, ही घाई आज अनेक तरुणांना महागात पडते आहे. माझे म्हणणे सरळ आहे: क्रूझरची बॉबर नवशिक्याने जरूर करावी, मात्र पान्याने सुटते आणि पान्यानेच परत बसते, तेवढेच काढावे. गाडीच्या सांगाड्यावर ग्राइंडर आणि वेल्डिंग नको. त्याला कारण भित्रेपणा नाही. बॉबरचा इतिहास, गाडीचे यंत्रशास्त्र आणि आपला कायदा तिन्ही याच बाजूला उभे आहेत.

इतिहासापासून सुरुवात करू, कारण चासी कापण्याचे समर्थन बहुधा त्याच्याच नावाने केले जाते. 1930 च्या दशकात अमेरिकन मोटरसायकल संघटनेने ‘क्लास सी’ नावाच्या शर्यती सुरू केल्या. त्यात शोरूममधून मिळते तीच गाडी उतरवायची होती; कारखान्याने शर्यतीसाठी खास बनवलेल्या यंत्रांना तिथे जागा नव्हती. साधे लोक आपली रोजची गाडी चालवत मैदानावर आणायचे, दिवे आणि पुढचे मडगार्ड सोडून ठेवायचे आणि शर्यत लावायचे. गाडी वेगवान करण्याचा त्यांना परवडणारा मार्ग एकच होता, वजन कमी करण्याचा. पुढे दुसऱ्या महायुद्धात हार्ले-डेव्हिडसनने लष्करासाठी ‘डब्ल्यूएलए’ ही गाडी सुमारे 90,000 इतक्या संख्येने बनवली. युद्ध संपल्यावर त्यातल्या पुष्कळ गाड्या स्वस्तात विकल्या गेल्या. रणांगणावरून परतलेल्या, गाडी दुरुस्त करण्याचा हात बसलेल्या तरुणांनी त्या घेतल्या आणि लष्करी पेट्या, जाड मडगार्डे, नको ते लोखंड उतरवून टाकले. या कामाला ते ‘बॉब-जॉब’ म्हणत. त्या गाड्यांना मागे शॉकॲब्सॉर्बर नव्हते हे खरेच. पण ते कोणी कापून काढलेले नव्हते. त्या काळी हार्लेच्या मोठ्या गाड्या कारखान्यातूनच मागे ताठ असत; मागचे सस्पेन्शन त्यांना 1958 साली मिळाले. म्हणजे मूळ बॉबर करणाऱ्यांनी चासी मिळाली तशीच वापरली. चासी कापून पुढचा फोर्क लांब आणि तिरका करणे हा ‘चॉपर’चा मार्ग, तो पुढचा आणि वेगळा. ‘ईझी रायडर’ या 1969 च्या चित्रपटाने तो जगभर पोचवला. बॉबर आणि चॉपर यांची गल्लत झाली की नवशिक्याच्या हातात नको ते हत्यार येते.

आता सांगाड्याचे यंत्रशास्त्र पाहू. मागचे शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतले शॉकअप, खड्ड्याचा मार गिळतात आणि उरलेला हळूहळू चासीकडे सोपवतात. ते काढून त्यांच्या जागी लोखंडी दांडे बसवले, की तोच मार एका झटक्यात वरच्या बोल्टवर आणि तो बोल्ट ज्या नळीला आहे तिच्यावर येतो. कारखान्याने त्या नळीची जाडी ठरवताना मधे स्प्रिंग आणि तेल आहे असे धरलेले असते. ते मधून काढल्यावर नळीला तडा आज जात नाही. काही महिन्यांनी, रंगाखाली, वेल्डिंगच्या कडेला जातो आणि बाहेरून दिसतही नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या शेजारचे पोलाद आपला मूळ गुण गमावते. चासीच्या पातळ नळीला जोड देणे हे दाराचे ग्रील किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली जोडण्यापेक्षा वेगळे कौशल्य आहे, आणि गावोगावचे चांगले फॅब्रिकेटरही ते रोज करत नाहीत. शिवाय बॅटरी आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, न सोडवता गाडीवर वेल्डिंग केले तर तो करंट इलेक्ट्रॉनिक्समधून फिरून हजारो रुपयांचा ईसीयू जाळू शकतो. दांडे न लावता फक्त आखूड शॉकअप टाकून मागचा भाग खाली बसवणे हा सौम्य उपाय वाटतो, पण त्याचीही साखळी लांब आहे. मागे गाडी बसली की पुढचा फोर्क आणखी तिरका होतो, हळू चालवताना हँडल जड लागते, स्पीडब्रेकरला पोट घासते. साइडस्टँडची लांबी मात्र पूर्वीचीच राहते. त्यामुळे गाडी स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की उलट्या बाजूला पडते. ॲव्हेंजरची सीट मुळातच जमिनीपासून 737 मिलिमीटर आहे. ती आणखी खाली नेऊन मिळणारे सौंदर्य महाराष्ट्रातल्या पावसाळ्यानंतरच्या कोणत्याही रस्त्यावर टिकणारे नाही.

मग पान्याने काय करता येते? पुष्कळ. पण तिथेही घाई नको, कारण सुटणारा प्रत्येक भाग बिनकामाचा असतोच असे नाही. पुढचे मडगार्ड घ्या. अनेक गाड्यांत त्याची लोखंडी कमान फोर्कच्या दोन्ही पायांना एकमेकांशी बांधून ठेवते, त्यामुळे ब्रेक दाबताना किंवा वळणावर दोन पाय वेगवेगळे पिळले जात नाहीत. मडगार्ड काढले आणि कमानही भंगारात गेली तर पुढचे चाक सैलावल्यासारखे वागते. शहाणा मार्ग असा की कमान ठेवावी आणि तिच्यावर आखूड मडगार्ड बसवावे. कोकणातल्या जून महिन्यात तेवढेसे मडगार्डही चिखल हेल्मेटच्या काचेपर्यंत येऊ देत नाही. मागच्या मडगार्डाचे गणित याहून बारीक आहे. बॉबरचे सौंदर्य बरेचसे त्या एका वळणात असते, मडगार्ड टायरला किती चिकटून जाते त्यात. उभ्या गाडीवर दोन बोटांची फट सुंदर दिसते आणि पहिल्या खड्ड्यात टायर वर येऊन पत्र्याला घासतो. म्हणून मडगार्डाची जागा डोळ्याने ठरवायची नसते. गाडी भक्कम आधारावर उभी करावी, दोन्ही शॉकअप सोडवावेत, चाक हाताने वर उचलून शॉकअप पुरता दाबल्यावर ते जिथवर येईल तिथवर न्यावे, आणि त्या जागेपासून फट मोजावी. चेन, वायरिंग आणि मडगार्डाचे बोल्ट या साऱ्यांची मापे चाक त्या टोकाच्या जागी असताना घ्यायची. बोल्टचे डोके आतल्या बाजूला गोल आणि चपटे हवे, नट बाहेर. हे माप घ्यायला एक दुपार लागते आणि पैसा जवळपास लागत नाही. एकट्याची स्प्रिंगवाली सीट बसवतानाही हाच विचार करावा. पुढे बिजागरी, मागे दोन स्प्रिंगा, आणि स्प्रिंग दबली की सीटचा पत्रा खालच्या वायरिंगला किंवा मडगार्डाला टेकता कामा नये. बिजागरीची पट्टी चासीला जोडायची ती मूळ सीटच्या किंवा टाकीच्या बोल्टांवर. त्यासाठी चासीला नवे छिद्र पाडायची पाळी आली तर पट्टी चुकीची आहे असे समजावे आणि पट्टी बदलावी. मागे माणूस बसणार नसल्याने शॉकअपची स्प्रिंग सर्वांत मऊ खाचेवर आणावी. दोघांच्या वजनासाठी कसलेली स्प्रिंग एकट्याला विनाकारण उसळवते.

हँडल बदलणे हे सर्वांत सोपे काम समजले जाते, आणि सर्वांत जास्त निष्काळजीपणा तिथेच होतो. उंच किंवा रुंद हँडल लावले की क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, पुढच्या ब्रेकचा होज आणि स्विचांच्या वायरी सगळ्यांनाच ताण येतो. इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवावे. वळवताना इंजिनाचा आवाज आपोआप चढत असेल तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जाते आहे, आणि अशी गाडी यू-टर्नमध्ये स्वतःहून पळू शकते. ब्रेकचा होज लांब हवा असेल तर लांब होजच घ्यावा, ताणून भागवू नये. वायरिंगबाबत आजच्या गाड्या जुन्या बुलेटसारख्या उरलेल्या नाहीत. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले, 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे निकष आले आणि त्यासोबत फ्युएल इंजेक्शन, ऑक्सिजन सेन्सर वगैरे. सीटखालची पेटी रिकामी करून मधली जागा मोकळी दाखवायचा बॉबरवाल्यांना मोह होतो. पण तिथल्याच वस्तूंत गाडी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सरही असू शकतो. तो आडवा किंवा उलटा बसवला तर गाडीला ती पडलेलीच आहे असे वाटते आणि इंजिन सुरूच होत नाही. यावर उपाय एकच, कंटाळवाणा पण हमखास: सोडवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो, प्रत्येक वायरीला चिकटपट्टीची चिठ्ठी, प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या डबीत. आणि एका वेळी एकच बदल करून पंचवीस-तीस किलोमीटर गाडी चालवून पाहावी. पाच बदल एकदम केले आणि गाडी डगमगू लागली तर दोष कशात आहे हे अनुभवी फिटरलाही सांगता येत नाही. एकाच बदलानंतर डगमगली तर ते नवशिक्यालाही कळते, आणि तो मागेही फिरू शकतो.

सायलेन्सरबद्दल थोडक्यातच सांगतो. त्याला हात लावू नका. बीएस-6 गाडीत प्रदूषण आवरणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एक्झॉस्टच्या मार्गातच असतो. मोकळी नळी लावली की तो गेला, ऑक्सिजन सेन्सरची मोजणी बिघडली, आणि ताकद वाढल्याचा जो भास होतो तो मुख्यतः आवाजाचा असतो. बॉबरचा आकार सीटच्या उंचीत आणि मागच्या मडगार्डाच्या वळणात आहे. दवाखान्यासमोरून, परीक्षेला बसलेल्या मुलांच्या खिडकीखालून फाटका आवाज काढत जाणे हा त्या कलेचा भाग कधीच नव्हता. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवले, तेव्हा लोकांनी त्याचे स्वागतच केले. बॉबर करणाऱ्या सज्जन तरुणाकडेही संशयाने पाहिले जाते, त्याचे मोठे कारण हा आवाज आहे.

सांगाड्याला हात नको या म्हणण्यावर हाडाचे शौकीन म्हणतील की मागे ताठ नसलेली गाडी बॉबर कसली. त्यांना कारखान्यांकडेच पाहायला सांगावे लागेल. हार्ले-डेव्हिडसनने 1984 साली ‘सॉफ्टेल’ आणली. त्यात मागचे शॉकॲब्सॉर्बर गिअरबॉक्सच्या खाली लपवले होते, जेणेकरून गाडी दिसायला जुन्या ताठ चासीची आणि बसायला आरामाची व्हावी. ट्रायम्फने 2016 मध्ये दाखवलेली बॉनेव्हिल बॉबर, भारतात 2019 साली आलेली जावा पेराक आणि 2022 ची जावा 42 बॉबर यांनीही शॉकॲब्सॉर्बर नजरेआड ठेवला. काढला कोणीच नाही. ज्यांच्याकडे संगणकावर चासी ताणून पाहण्याची साधने आणि शेकडो अभियंते आहेत त्यांनी ताठपणाचा फक्त आभास ठेवला. तिथे पहिल्यांदाच पाना हातात घेतलेल्या माणसाने खरा ताठपणा आणायचा हट्ट का धरावा? दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे. कारखाने तयार बॉबर विकत आहेत, रॉयल एनफिल्डने तर नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याचे नाव देऊन ‘गोअन क्लासिक 350’ आणली, मग घरी खटाटोप कशाला? ज्याला फक्त दिसण्याशी मतलब आहे त्याने ती जरूर घ्यावी. चांगली गाडी आहे. तिच्यातली एक गोष्ट तर माझ्याच बाजूची आहे: तिची मागची सीट सोडवून काढता येते आणि हवी तेव्हा परत लावता येते. पण घरी काम करण्याला स्वतंत्र किंमत आहे. आपल्याकडे हजारो मुले इंजिनिअरिंगची पदवी घेतात आणि त्यातल्या अनेकांनी स्वतःच्या गाडीचे चाक कधी उतरवलेले नसते. शॉकअप सोडवून चाकाची वरखाली चाल मोजणाऱ्या मुलाला सस्पेन्शन म्हणजे काय ते जे कळते, ते फळ्यावरच्या आकृतीने कळत नाही. आयटीआय करणाऱ्या, गॅरेजात हेल्परी करणाऱ्या मुलासाठी तर असे एक नीट झालेले काम हीच त्याची ओळख ठरते. मला हे शिकणे मरू द्यायचे नाही, आणि त्यासाठीच त्याला हद्द घालावी असे वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो टाळता येणार नाही: कायदा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील कारखान्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम ठामपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ आले; बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नवशिक्याने नीट वाचावेत. पण कलम 52 चे स्पष्टीकरणही वाचावे. त्यात बदलाची व्याख्या दिली आहे: वाहनाच्या रचनेत केलेला असा फेर, ज्यामुळे त्याचे मूलभूत स्वरूपच पालटते. कापलेली, वेल्ड केलेली चासी या व्याख्येत बसते याबद्दल वाद असू शकत नाही, आणि चासी नंबर ज्या लोखंडावर कोरलेला असतो त्याच्याशी खेळणे तर चोरीच्या गाडीचा संशय ओढवून घेणे आहे. उलट पान्याने सुटणारे बदल सगळेच निर्धोक आहेत, असेही मी म्हणणार नाही. आरसीवर, म्हणजे नोंदणीपुस्तकात, आसनक्षमता दोन लिहिलेली असते आणि एकट्याची सीट लावल्याने ती नोंद बदलत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम मागच्या माणसासाठी पकडायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून अर्ध्या चाकाला आडोसा मागतो. 200 गुणिले 100 मिलिमीटरची मागची नंबरप्लेट चाकाच्या बाजूला उभी लटकवता येत नाही. टेललाइट आणि इंडिकेटर लागतातच. रंग बदलला तर आरटीओत कळवावे लागते. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दावा अडवायला पुरतो. म्हणून पाना उचलण्याआधी आपल्या आरसीची प्रत समोर ठेवावी आणि यादी घेऊन आरटीओत विचारून यावे. मागची सीट, दांडी आणि साडीगार्ड जोडून ठेवूनही बॉबरचे बरेचसे रूप साधते. काही जणांना ते अपुरे वाटेल, मला वाटत नाही.

मात्र कायद्यानेही एक पाऊल पुढे यावे. 2019 च्या दुरुस्तीने कलम 52 मध्येच केंद्र सरकारला रेट्रोफिटिंगचे निकष आणि मान्यतेच्या अटी ठरवण्याचा अधिकार दिलेला आहे. जर्मनीत गाडीतला महत्त्वाचा बदल तपासणी संस्थेकडून तपासून घेता येतो आणि वाहनाच्या कागदपत्रांत त्याची रीतसर नोंद होते. आपल्याकडे पुण्यातच 1966 पासून एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था उभी आहे. एखाद्या मॉडेलसाठी सीट, मडगार्ड आणि नंबरप्लेटची पट्टी असा मूळ बोल्टांवरच बसणारा संच तिथे तपासून घेता यावा, आणि तो बसवणाऱ्याच्या आरसीवर आरटीओने एक ओळ लिहावी, एवढीच सोय पुरेशी आहे. चासी कापणाऱ्यावरची कारवाई मग अधिक कडक झाली तरी हरकत नाही. पान्याने काम करणारा आणि ग्राइंडर चालवणारा आज एकाच कलमाखाली, एकाच भीतीत उभे आहेत, हे बदलायला हवे. तोवर उतरवलेले मूळ मडगार्ड, सीट, ग्रॅबरेल आणि हँडल भंगारवाल्याला देऊ नयेत. तेलाचा हात फिरवून, ज्याच्या त्याच्या नटबोल्टसकट, चिठ्ठ्या लावून पेटीत भरावे आणि पोटमाळ्यावर ठेवावे. ॲव्हेंजर बाजारात आली 2005 साली. सेकंडहँड बाजारातल्या कितीतरी जुन्या क्रूझर आता पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत किंवा होणार आहेत, आणि पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीसाठी गाडी आरटीओच्या निरीक्षकासमोर उभी करावी लागते. त्याच्या आदल्या रात्री ती पेटी खाली काढायची आणि मूळ गाडी पुन्हा जोडायची. सांगाडा शाबूत असेल तर त्याला दोन-तीन तास लागतात.